आओस्ता व्हॅलीचे किल्ले: पाच उरकण्यापेक्षा दोन नीट बघा

मुंबईतल्या टूरवाल्यांकडे युरोप म्हणजे स्वित्झर्लंड-पॅरिसचं तेच ठरलेलं पॅकेज, त्यामुळे माँ ब्लाँ पर्वताच्या पलीकडे इटलीच्या बाजूला आओस्ता नावाची व्हॅली आहे आणि ती किल्ल्यांनी भरलेली आहे हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावीही नसतं. मी आणि आई-बाबा मुलुंडहून स्वतः बुकिंग करून गेलो, मराठीत कुठे माहिती मिळाली नाही म्हणून लिहितेय.

सगळ्यात भारी इसोन्य. बाहेरून अगदी साधा, गावातला एखादा जुना वाडाच, आई तर म्हणाली एवढ्यासाठी तिकीट काढायचं? आत चौकात लोखंडाचं डाळिंबाचं झाड आहे, त्याच्या फांद्यांतून पाणी पडतं, फळं डाळिंबाची आणि पानं मात्र ओकची. पण खरी मजा बाजूच्या ओसरीत. १५व्या शतकाच्या शेवटी जॉर्ज द शालानने हा महाल नव्याने बांधून घेतला आणि कमानींखाली राजे-देव सोडून चक्क बाजार रंगवून घेतला! शिंपी कापड कापतोय, औषधवाल्याच्या मागे फळीवर बरण्या ओळीने लावल्यात आणि पुढे फाटक्या कपड्यातला गडी खलबत्त्यात काहीतरी कुटतोय, भाजीबाजारात बायकांची गर्दी, पहारेकरी ड्युटी सोडून पट खेळत बसलेत. चीजच्या दुकानात रचलेल्या चकत्या म्हणजे फोंतिना चीजचं सगळ्यात जुनं चित्र असं सांगतात. आई तिथून हलेचना. आणि भिंतींवर पाहुण्यांनी, घरच्यांनी, नोकरांनी शेकडो वर्षं ओरखडून ठेवलेला मजकूर आहे, तो जपून ठेवलाय. (आपल्याकडच्या बदाम-बाणवाल्यांनी लगेच खुश होऊ नका.) १८७२ मध्ये व्हित्तोरियो आव्होंदो नावाच्या चित्रकाराने ही पडीक वास्तू विकत घेऊन दुरुस्त केली आणि १९०७ मध्ये सरकारला देऊन टाकली, त्या माणसाला सलाम.

फेनिस म्हणजे फोटोतला किल्ला, दुहेरी तट, बुरुजच बुरूज. बाबा आयुष्यभर सह्याद्रीत फिरलेले, त्यांचा पहिला प्रश्न, हा सपाटीवर कशाला बांधला? उत्तर असं की लढाईपेक्षा शालान या इथल्या सरदार घराण्याचा थाट दाखवायलाच जास्त. आतल्या चौकात अर्धगोल पायऱ्या आणि वर ड्रॅगनला मारणारा सेंट जॉर्ज, सज्जावर हातात सुविचारांच्या पट्ट्या धरलेले ऋषीमुनी टाइप म्हातारे. मधल्या काळात इथे गुरं बांधायचे, चारा भरायचे, तरी चित्रं टिकलीत हे नवलच. गाइडशिवाय आत सोडत नाहीत, बॅच लावतात, आमच्या बॅचला इटालियनच मिळालं आणि अर्धं डोक्यावरून गेलं, इंग्लिश बॅच कधी आहे ते आधीच विचारा.

बाबांचं समाधान झालं ते वेरेसला, इसोन्यच्या समोरच, नदीपलीकडे. कातळावर ठेवलेला दगडी ठोकळा, प्रत्येक बाजू साधारण ३० मीटर, १३९० चा. चढ आहे, आई खालीच थांबली.

बार्डला काचेच्या लिफ्ट आहेत, गुडघेवाल्यांची सोय. १८०० साली जेमतेम ४०० ऑस्ट्रियन सैनिकांनी नेपोलियनच्या फौजेला इथे दोनेक आठवडे अडकवून ठेवलं, चिडून त्याने किल्ला पाडून टाकला, आज दिसतो तो १८३० च्या दशकातला. आत म्युझियम, छान आहे, पण मला तरी मॉलमध्ये फिरल्यासारखं वाटलं.

सार नावाचा किल्ला नाही बघितलात तरी चालेल. राजा व्हित्तोरियो एमानुएले दुसरा याचं शिकारीचं घर, भिंतीभर आयबेक्सची (डोंगरी रानबकऱ्यांची) शिंगं, मला तर गुदमरायला झालं. गंमत म्हणजे १८५६ मध्ये राजाने शिकारीसाठी राखीव जंगल केलं म्हणूनच ते प्राणी वाचले, १९२२ मध्ये त्याचंच ग्रान पाराडिसो नॅशनल पार्क झालं.

ग्रेसोनेचा कास्टेल सावोया वेळ असेल तरच, फाटा मारून आत जावं लागतं. इटलीच्या राणी मार्गेरिताचा महाल, पाच मनोरे. स्वयंपाकघर वेगळ्या इमारतीत, आणि जेवण भुयारातून छोट्या रुळांवरच्या गाडीतून महालात यायचं, हे ऐकून आई म्हणाली, म्हणजे फोडणीचा वास नको, जेवण मात्र गरम हवं!

शाकाहारींनी पोलेंता कोंचा मागवा, मक्याच्या पिठाचं, वर भरपूर फोंतिना, एक प्लेट दोघांना पुरते. गाडी भाड्याने घ्याच, आम्ही गेलो तेव्हा इव्रेया-आओस्ता रेल्वे विजेच्या कामासाठी बंद होती आणि बदली बसच्या भरवशावर एका दिवसात दोन किल्ले होत नाहीत. फ्रान्समधल्या शामोनीहून माँ ब्लाँच्या बोगद्याने येणार असाल तर एकेरी टोलच ५० युरोच्या वर आहे, त्यापेक्षा तोरिनोहून (ट्युरिन) या.