जुन्या सेस्मिक रेषेची पुनर्प्रक्रिया करून घेतली, त्याचा अनुभव

समुद्राखालच्या द्रोणीत प्राचीन काळी कवच किती ताणलं गेलं, हा माझ्या प्रबंधाचा विषय. हाताशी एकच जुनी सेस्मिक रेषा, म्हणजे एका ओळीत सोडलेल्या आणि खालच्या थरांवरून परतलेल्या ध्वनिलहरींची नोंद, लहरींच्या जाण्या-येण्याच्या वेळेत 12 सेकंदांपर्यंतची. नवं सर्वेक्षण परवडणारं नव्हतं, म्हणून मूळ टेप पुनर्प्रक्रियेसाठी एका कंपनीकडे दिल्या.

पहिला छेद, म्हणजे त्या नोंदींतून बनलेलं थरांचं उभं चित्र, पाहून मी खट्टू झाले. वरचा गाळ अगदी स्वच्छ, पण 7 सेकंदांखाली नुसती धूसर रांगोळी. तेलशोधात वरचे थर रेखीव दिसावेत म्हणून वापरतात तीच गाळणी लावून त्यांनी 10 हर्ट्झखालचा सिग्नल उडवला होता. खोलातून परतणाऱ्या लहरींत मुख्यतः तोच तर उरतो, जास्त वारंवारता वाटेतच विरते. हे कळवल्यावर मात्र तिथल्या बाईंनी वाद न घालता, जादा पैसे न घेता सगळं पुन्हा केलं.

दुसऱ्या छेदात पृष्ठभाग आणि समुद्रतळ यांच्यात घुमत राहिलेले प्रतिध्वनी गेले होते. त्यांच्याआड लपलेले कवचाचे कलते ठोकळे दिसले आणि त्याखाली मोहो, म्हणजे कवचाचा तळ. गंमत अशी, की मोहो कडेला 10.3 सेकंदांवर आणि मध्यावर 10.2 वर, म्हणजे जवळजवळ सपाट! ताण पडला तर कवच पातळ होतं आणि भूभौतिकतज्ज्ञ मॅकेन्झीच्या 1978च्या प्रतिमानाप्रमाणे मोहो मध्याखाली वर यायला हवा. खरं कारण गाळात होतं. गाळातून लहरी संथ जातात, म्हणून वर आलेला मोहोही उशिरा दिसतो. वेळेऐवजी किलोमीटरमध्ये मांडलेला खोलीचा छेद हाती आला आणि मोहो कडेला 32 किमी, मध्यावर 23 किमी दिसला. वरचं 7 किमी पाणी आणि गाळ वजा केलं की कवच 16 किमी, म्हणजे कडेच्या निम्मं, अर्थात ताण 2 पट. त्या दिवशी मी तो छेद भिंतीवर लावला.

नुसत्या विभंगांची, म्हणजे ठोकळे जिथे तुटून सरकले त्या भेगांची, सरक मोजली तर ताण 1.4 पटच निघतो. बारीक विभंग छेदात दिसतच नाहीत, तेव्हा फरकाचा काही भाग तिथे असावा. उरलेल्यावर माझं काम चालू आहे.

एक तक्रार आहे. खोलीचा छेद ज्या वेगांवर उभा असतो, तो वेगांचा आराखडा त्यांनी आपणहून दिला नाही. एवढ्या खोलीवरचे वेग परावर्तनातून नीट ठरत नाहीत, म्हणून मी अपवर्तनाचे, म्हणजे थरांतून वाकून गेलेल्या लहरींवरून काढलेले, वेग पुरवले होते. ते कसे वापरले हे तपासायला आराखडा हवाच. मागितल्यावर तीन आठवड्यांनी मिळाला.

दुसरी रेषाही त्यांच्याकडेच दिली आहे. या वेळी पहिल्याच पत्रात लिहिलं: 3 हर्ट्झपासून पुढचं सगळं ठेवा, आणि वेगांची फाइल छेदासोबतच पाठवा.