निओनॅटली बाहुली: घ्या, पण कपाटात ठेवू नका

जन्मल्यावर न रडलेल्या बाळाला श्वास कसा द्यायचा याच्या सरावासाठी आमच्या लेबर रूममध्ये लेर्डाल कंपनीची निओनॅटली बाहुली आहे. मी स्टाफ नर्स, दोन वर्षं वापरतेय, माझ्याकडून पाचपैकी पाच. आत साधारण दोन लिटर कोमट पाणी भरायचं, मग वजन खऱ्या बाळासारखं लागतं आणि हात काढला की मान लगेच कलंडते. आधीची कडक प्लास्टिकची डमी नुसती ठोकळ्यासारखी पडून असायची. नळ्यांच्या टोकाला रबरी फुगे आहेत, ते दाबून बाळ रडवता येतं, नाळेतले ठोके दाखवता येतात. आणि शिकवणारीने काहीच दाबलं नाही तर बाळ गप्प, मग पुसा, पाठ चोळा, तरी नाही तर अँबू बॅग (हाताने दाबून तोंडा-नाकावरच्या मास्कमधून हवा देणारी पिशवी), सगळं पहिल्या मिनिटात.

खरी गंमत मास्कची आहे. परवा नवीन सिस्टर बॅग दाबतेय दाबतेय आणि छाती काही हलेना, बघितलं तर मास्क हनुवटीखाली घसरलेला आणि मान पुढे वाकलेली. खांद्याखाली कापडाची घडी सरकवली, अंगठा आणि तर्जनीने मास्क नीट धरायला लावला आणि पुढच्याच दाबाला छाती वर आली. तिचा चेहरा असा काही उजळला! हे पन्नास स्लाइड दाखवून शिकवता येत नाही हो.

पण एक दिवसाचं ट्रेनिंग करून बाहुली कुलपात टाकली तर पैसे वाया. एका ठिकाणी मी पॅकिंगसकट पडलेली बघितलीय, फार वाईट वाटलं. टांझानियात हायडोमच्या हॉस्पिटलमध्ये हेच दिसलं होतं, एक दिवसाच्या ट्रेनिंगनंतर बाहुलीवर सगळ्यांना छान जमलं पण खऱ्या बाळंतपणात फरक पडेना, मग दर आठवड्याला जागेवरच तीन ते पाच मिनिटं सराव सुरू केला तेव्हा पहिल्या २४ तासांतले बालमृत्यू कमी झाले. आम्ही ड्युटी बदलताना करतो, दोघी दोघी, एक बाळ सांभाळते दुसरी घड्याळ.

खऱ्या बाळासारखा या बाहुलीचा रंग निळ्याचा गुलाबी होत नाही, ते तोंडी सांगावं लागतं. सराव झाला की पाणी काढून पूर्ण वाळवूनच ठेवा. आणि घेताना ० आणि १ दोन्ही साइझचे मास्क आहेत ना ते बघा, कमी दिवसांच्या बाळाला ० लागतो.