साताऱ्यात पहिलं धनुष्य घेताना: रिकर्व्ह की कंपाउंड?

रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं, बिनचाकाचं धनुष्य; कंपाउंड म्हणजे टोकांना चाकं बसवलेलं. यातलं कुठलं घ्यावं, असं साताऱ्यात विचारलं की समोरच्याचं उत्तर तयारच असतं. २०२३ मध्ये बर्लिनला १७ वर्षांची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. त्याच स्पर्धेत पुरुषांचं सुवर्ण मिळवणारा ओजस देवतळे मूळचा नागपूरचा, पण सराव साताऱ्यातला. तेव्हापासून पालक मैदानावर येतात ते ‘कंपाउंडच हवं’ असं ठरवूनच. पण टोकियो ऑलिम्पिकला गेलेला प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आणि तो रिकर्व्हवाला. त्याच २०२३ साली आयर्लंडमध्ये २१ वर्षांखालच्या गटात जागतिक सुवर्ण घेणारा पार्थ साळुंखे साताऱ्याचा, तोही रिकर्व्हवालाच. त्यामुळे जिल्ह्याचा अभिमान बाजूला ठेवूनच निवड करावी लागते.

मी दोन्ही वापरली आहेत. इंडियन राउंडबद्दल, म्हणजे बांबूच्या साध्या धनुष्याबद्दल, इथं फार लिहीत नाही. लहान मुलासाठी आणि हौस किती टिकते ते पाहण्यासाठी ते उत्तमच. हा लेख त्यापुढच्या खरेदीचा विचार करणाऱ्यांसाठी.

कंपाउंडचं सुख पहिल्याच दिवशी कळतं. दोरी अर्ध्याच्या पुढे गेली की कॅम (टोकांची चाकं) फिरतात आणि भार एकदम उतरतो. मग निवांत नेम धरता येतो. नेमाला भिंग असतं, धनुष्य सरळ आहे का ते दाखवणारा पाणसळीसारखा बुडबुडा असतो, दोरी बोटांऐवजी सोडणारं रिलीज नावाचं उपकरण हातात असतं. थोड्याच सरावात बाण एकमेकांशेजारी बसायला लागतात आणि माणूस खूश होतो. रिकर्व्ह सुरुवातीला मुळीच लाड करत नाही. पूर्ण ताण बोटांवर येतो, कोपर जरा आत वळलं की दोरी हाताला काळंनिळं करते, आणि आज पिवळ्यात (टार्गेटच्या मधल्या वर्तुळात) बसलेला बाण उद्या टार्गेटबाहेर जातो. चिकाटी कमी असेल तर तिथंच धनुष्य माळ्यावर जातं, हे मी पाहिलं आहे.

तरीही माझा कौल फिरला तो पीपमुळे. कंपाउंडच्या दोरीच्या धाग्यांमध्ये पीप नावाची भोकाची छोटी कडी बसवलेली असते, तिच्या भोकातून नेम धरायचा. दोरी नवी असली की ती थोडी ताणते, पीळ बदलतो आणि पीप फिरतो. पूर्ण ताणून डोळा लावावा तर समोर भोक नाही, पीपची कड! दुरुस्ती खरं तर किरकोळ असते, दोरीला अर्धा पीळ दिला की झालं. पण त्यासाठी लिंबांवरचा (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांवरचा) ताण उतरवावा लागतो आणि त्याला बो प्रेस, म्हणजे धनुष्य दाबून धरणारं यंत्र, लागतो. प्रेस अकादमीत असतो, माझ्या गावात नाही. अर्ध्या पिळासाठी धनुष्य गाडीत घालून शहर गाठायचं, तिथं प्रशिक्षकांना वेळ असेल तोवर थांबायचं, आणि पुढच्या आठवड्यात पीप पुन्हा हलायचा. रबरी नळीनं ओढून धरलेला पीप मिळतो, तो सरळ राहतो, पण उन्हानं नळी कडक होते आणि तुटते. दोरी एकदा स्थिरावली की हा त्रास कमी होतो, हे मान्य. माझा धीर त्याआधीच संपला. रिकर्व्हला स्ट्रिंगर नावाची साधी दोरी पायाखाली धरली की घरच्या अंगणात सगळं उतरतं, चढतं. सुटे भाग पाठीवरच्या पिशवीत मावतात, एसटीनं नेता येतात. मुलगा वाढला की रायझर (मधला मुठीचा भाग) तोच ठेवून लिंब तेवढे बदलायचे. कंपाउंड एका माणसाच्या मापाला बसवलेलं असतं, ते भावाभावांत वाटून घेणं अवघड जातं.

जबाबदारीच्या बाजूनंही रिकर्व्ह मला थोडं सरस वाटतं. धनुष्य दिसलं की पाहुण्याला ते ओढून सोडून बघायचंच असतं. बाण न लावता सोडलेली दोरी कुठल्याच धनुष्याला चांगली नाही, पण कंपाउंडची दोरी कॅमवरून उतरू शकते, लिंब फुटू शकतो आणि इजाही होऊ शकते. म्हणून घेतल्याच दिवशी घरात नियम करा: कुणाच्याही हातात द्यायचं नाही.

टार्गेटमागे काय आहे हा प्रश्न मात्र दोघांनाही सारखाच. आपल्याकडे मागे बहुतेक ऊस असतो आणि लोक त्यालाच आडोसा समजतात. उसात माणूस दिसत नाही. आत कुणी पाला काढत असेल, पाणी पाजत असेल. मागे मातीचा उंच ढीग किंवा दरड हवीच, नाहीतर बाण लावू नये. नवख्याचं हलकं रिकर्व्हसुद्धा चुकलेला बाण शेत ओलांडून टाकतं, कंपाउंडचं तर विचारूच नका. टार्गेट सोडून दगडावर आदळलेला कार्बनचा बाण कानाजवळ धरून हलका वाकवून पाहा. कडकड आवाज आला तर तो मोडून टाका. तडकलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याची कुसळं हातात घुसतात.

आता शिकारीचं. परदेशी व्हिडिओ पाहून ‘रानडुक्कर पडेल का?’ असं विचारणारे बरेच भेटतात, आणि ते कंपाउंडच मागतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीचा प्रयत्नही शिकारच धरला आहे, आणि शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा उल्लेख आहे. लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही. म्हणजे कोयनेला किंवा सागरेश्वरला सहलीला जाताना धनुष्य घरीच ठेवायचं. चांदोली तर राष्ट्रीय उद्यान आहे, तिथंही तेच. जिथं धनुष्यानं शिकार कायदेशीर आहे, त्या अमेरिकेतही बहुतेक राज्यांत आधी सुरक्षेचं शिक्षण घ्यावं लागतं. जेवढ्या अंतरावर नेम दर वेळी बसतो त्याच्या पलीकडे बाण सोडायचा नाही, हे तिथले जुने शिकारी नवख्याला आधी शिकवतात. आपल्याला शिकार करायची नाही, पण हा नियम उचलण्यासारखा आहे. आधी १० मीटरवर बाणांचा गठ्ठा एका जागी जमू द्या, मग टार्गेट मागे सरकवा.

खांदा दुखरा असेल, वय चाळिशीपुढे असेल किंवा अकादमी घराजवळ असेल, तर कंपाउंड घ्या, माझं ऐकू नका. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार येतोय, त्यामुळे मुलाला स्पर्धेत उतरवायचं असेल तर त्याही बाजूनं विचार करा. बाकी गावात, स्वतःच्या रानात सराव करणार असाल तर मी रिकर्व्हच सुचवीन, तेही १८-२० पाउंड ताणाच्या लिंबांनी. दुकानदार जड लिंब गळ्यात मारू पाहील. ते वर्षभरानं घेता येतात.