परिवीक्षा अधिकाऱ्याची सेवा: अहवाल कामाचा, पुढची देखरेख पातळ

फी शून्य, दर्जा माणसागणिक बदलता आणि निवड तुमच्या हातात नाही. परिवीक्षा म्हणजे शिक्षेऐवजी अटींवर, देखरेखीखाली सोडणं. परिवीक्षा अधिकारी, म्हणजे कोर्टात सगळे ज्याला प्रोबेशन ऑफिसर म्हणतात तो, त्यासाठी घरची चौकशी करतो आणि पुढे देखरेख ठेवतो; तो तुम्ही नेमायचा नसतोच. तरी या सेवेचं परीक्षण करायला हवं. पोरगा पहिल्यांदाच चोरी-मारामारीत अडकला की घरचे उसनवारी करून वकील गाठतात, आणि ज्या कागदावर निकाल फिरू शकतो त्या कागदाच्या चौकशीच्या दिवशी घराला कुलूप लावून कामावर जातात.

तो कागद म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल. बोलीत गृहचौकशी. मुलगा गुन्ह्याच्या दिवशी 18 वर्षांच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. पोलिसांनी पालकांना आणि परिवीक्षा अधिकाऱ्याला कळवायचं, मुलाला प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मंडळापुढे उभं करायचं, आणि तिथून 15 दिवसांत अधिकाऱ्याचा अहवाल यायचा, असं 2015 चा बाल न्याय कायदा सांगतो. अहवालाच्या छापील नमुन्यात गुन्ह्यापेक्षा घरच जास्त विचारलेलं असतं: कमावते किती, शाळा कधी आणि का सुटली, मित्र त्याच्या वयाचे की मोठे, हातखर्चाला पैसे किती आणि ते जातात कुठे, घरात मारहाण आहे का, शेजारी काय म्हणतात.

इथेच गाडी अडते, आणि कारणं फार साधी असतात. आधारकार्डावर गावचा पत्ता. भाडेकरार 11 महिन्यांचा, त्यामुळे पोलिसांच्या कागदावरची खोली केव्हाच सोडलेली. वडील नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत शिफ्टला, आई घरकामाला, आणि अधिकारी येतो सकाळी अकराला. दिलेला मोबाइल नंबर मामाचा, मामा उचलत नाही. मग अहवालात ‘घर बंद आढळले’ असं एक वाक्य पडतं आणि तारीख पुढे जाते. ठाणे जिल्ह्याचं निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात ती जागा, भिवंडीत आहे. नेरूळ-बेलापूरकडच्या आईबापांना मुलाला भेटायचं तर ठाणे किंवा कल्याणला उतरून पुढे बस, म्हणजे एका खाड्यात दिवस संपला. पुढे ढकललेल्या तारखेची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून पहिल्याच दिवशी अधिकाऱ्याला चालू पत्ता द्या, तोही चाळीचं नाव, खोली नंबर आणि जवळच्या दुकानाच्या खुणेसकट. घरातल्या दोघांचे नंबर द्या आणि मोठं माणूस कोणत्या वेळी घरी असतं ते सांगा. कागदांत सर्वांत आधी वयाचा पुरावा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिकेचा जन्मदाखला. दोन्ही नसतील तेव्हाच वैद्यकीय चाचणी. मागोमाग भाडेकरार, लाइटबिल, वडिलांची पगारपावती किंवा ठेकेदाराचं पत्र. मुलाला पुन्हा शाळेत किंवा आयटीआयला घालणार असाल तर प्रवेशाचा कागद जोडा. नुसतं ‘घालू’ म्हटल्याला वजन नाही.

शेजाऱ्यांना पढवू नका. अनुभवी अधिकारी एकच प्रश्न तीन बाजूंनी विचारतो आणि पाठ केलेलं उत्तर लगेच पकडतो. व्यसनही लपवू नका. मुलगा व्हाइटनर ओढतो हे घरच्यांनी दडवलं आणि दुसरीकडून कळलं, तर बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका येते. उघड सांगितलं तर मंडळ परिवीक्षेच्या आदेशासोबत व्यसनमुक्ती उपचार जोडू शकतं, तशी कायद्यातच सोय आहे.

अहवाल चांगला की वाईट हे शिफारशीच्या रकान्यात कळतं. ‘मुलाची वर्तणूक चांगली आहे, पालक जबाबदार आहेत, संधी द्यावी’ हे कुणाच्याही मुलाबद्दल लिहिता येतं. ‘संध्याकाळी सहा ते नऊ घरी कुणी नसतं, टोळकं तेव्हाच जमतं, आत्या त्याच गल्लीत राहते आणि तेवढा वेळ त्याला ठेवायला तयार आहे’ असं लिहिणारा अधिकारी घरात बसून आलेला असतो. मात्र अहवाल गोपनीय असतो. प्रत मागत अधिकाऱ्यामागे लागू नका. मंडळाला योग्य वाटलं तर ते त्यातला सारांश मुलाला आणि पालकांना सांगू शकतं आणि त्यावर पुरावा मांडायची संधीही देऊ शकतं. वकिलाने तेवढा अर्ज जरूर करावा. बरेच करत नाहीत.

मोठ्यांसाठी कायदा वेगळा, 1958 चा परिवीक्षा कायदा. कलम 4 खाली तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, सुटका होऊ शकते. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ती नाही. आरोपीचा किंवा जामीनदाराचा त्या कोर्टाच्या हद्दीत किंवा आरोपी त्या काळात राहणार त्या ठिकाणी कायमचा पत्ता किंवा नेहमीचा कामधंदा हवा, म्हणजे पुन्हा तोच भाडेकरार. वय 21 च्या आत असेल आणि गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर कलम 6 लागतं: कोर्टाने अहवाल मागवायचाच, आणि तुरुंगात पाठवायचं तर कारणं लिहायची. इथे वय बघतात ते खालच्या कोर्टाने दोषी ठरवलं त्या वेळचं, गुन्ह्याच्या दिवसाचं नव्हे. केस रखडून पोरगा 22 चा झाला की हा हक्क गेला. कलम 4 मात्र उरतं.

सुटकेनंतरची देखरेख हा या सेवेचा कच्चा भाग. देखरेखीचा आदेश झाला तर तो किमान एक वर्षाचा असतो. अधिकाऱ्याने भेटायचं, नुकसानभरपाई भरायला मदत करायची, गरज असेल तर काम मिळवून द्यायचा प्रयत्न करायचा, असं कलम 14 म्हणतं. काम मिळवून देण्याची अपेक्षा ठेवू नका. मुलांची प्रकरणं बघणाऱ्या जिल्हा बाल संरक्षण कक्षातली परिवीक्षेची पदं कंत्राटी आहेत. माणूस बदलला की नव्याला घराची माहिती फाइलमधूनच काढावी लागते. म्हणून प्रत्येक हजेरीची तारीख स्वतःच्या वहीत लिहून त्यावर सही घ्या. खोली बदलणार असाल तर सामान हलवायच्या आधी अधिकाऱ्याला लेखी कळवा, आणि आदेशात तशी अट असेल तर परवानगीही घ्या. हा अधिकारी पोलीस नाही, तो अटक करत नाही. अट मोडली की कोर्टाला कळवतो. पहिल्या चुकीला कोर्ट 50 रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं (रक्कम 1958 मधलीच!), पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही सुनावू शकतं. रक्कम बघून गाफील राहू नये.

कुणाला ही सेवा मिळणार नाही, तेही बघून घ्या. अमली पदार्थांच्या कायद्याखाली दोषी ठरलेल्याला परिवीक्षा नाही. अपवाद 18 खालच्यांचा आणि कलम 26 व 27 चा, ज्यात सेवन येतं. कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार संरक्षण अधिकाऱ्याकडे न्यायची, हा माणूस वेगळा. सरकारी नोकरीतल्यांनी 1958 च्या कायद्यातल्या कलम 12 वर फार विसंबू नये: परिवीक्षेमुळे दोषी ठरल्याने येणारी अपात्रता टळते, दोषसिद्धी पुसली जात नाही, आणि 1990 च्या बक्षीराम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खात्याची कारवाई यामुळे थांबत नाही असंच म्हटलं आहे.

नवी मुंबईकरांनी जिल्हा तपासून घ्यावा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे. खारघर, कामोठे, पनवेल रायगड. गुन्हा वाशीत आणि घर कामोठ्यात असेल तर गृहचौकशी दुसऱ्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून मागवावी लागू शकते, आणि त्या पत्रव्यवहारात 15 दिवस सहज जातात. पहिल्याच तारखेला वकिलाकडून हे मंडळाच्या लक्षात आणून द्या. वकील नसेल तर मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवेचा 15100 हा नंबर आहे.