जखम ओली असताना सही मागणारे

कुत्रा चावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात जखमी माणसाकडे दोन प्रकारचे लोक येतात. एक असतो कुत्र्याच्या मालकाच्या विमा कंपनीचा प्रतिनिधी. तो गोड बोलतो आणि छापील कागद घेऊनच येतो. दुसरा नेमका कोणाचा ते कळत नाही. रुग्णालयातून किंवा कुणाच्या तरी ओळखीतून नंबर मिळवून तो येतो आणि म्हणतो, "भरपाई मिळवून देतो, आधी एक पैसाही देऊ नका." दोघांनाही सारखीच घाई असते, कारण जखमेचा खरा हिशेब अजून कुणालाच कळलेला नसतो.

पहिल्याची पद्धत सरळ आहे. आतापर्यंतच्या बिलापेक्षा थोडी जास्त रक्कम तो लगेच देऊ करतो. "कोर्टकचेरीत कशाला अडकता" हे वाक्य ठरलेले. बदल्यात ज्या कागदावर सही घेतली जाते त्यात "पूर्ण व अंतिम तडजोड" आणि "ज्ञात व अज्ञात सर्व इजांबाबत" अशी शब्दरचना असते. यातला "अज्ञात" हा शब्द सगळ्यात महाग पडतो. पुढे काहीही निघाले तरी पुन्हा मागायचे नाही, असा त्याचा अर्थ. कधी वेगळा कागदही नसतो. धनादेशासोबतच्या पत्रातच तो मजकूर असतो आणि धनादेश वटवला की तडजोड मान्य केली असा दावा पुढे होतो.

चावा वरून छोटा दिसतो आणि इथेच माणूस फसतो. कुत्र्याचा सुळा खोल जातो, जबड्याने आतले मांस चिरडले जाते, पण कातडीवर दोन-चार भोकेच दिसतात. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत डोके वर काढतो. हाताच्या चाव्यात तो सांध्यात किंवा स्नायुबंधाच्या आवरणात शिरला तर शस्त्रक्रिया लागते. बोट पूर्ण वळत नाही किंवा तळव्याचा एक भाग बधिर राहिला आहे, हे सूज उतरल्यावर काही आठवड्यांनी लक्षात येते. व्रण पक्का व्हायला वर्ष ते दीड वर्ष लागते. चेहऱ्यावरचा व्रण शस्त्रक्रियेने सुधारायचा की नाही, हा निर्णय म्हणूनच प्लास्टिक सर्जन बहुतेक वेळा वर्षभर पुढे ढकलतात. मूल असेल तर वाढीबरोबर व्रणही ओढला जातो. शिवाय रात्री दचकून उठणे, रस्त्यावर पाऊल टाकायला घाबरणे, त्यासाठी समुपदेशकाकडे जाणे हाही खर्चच आहे. हे सगळे तिसऱ्या दिवशीच्या रकमेत कुठून येणार? तोवर तर रेबीजच्या लसीचे डोससुद्धा संपलेले नसतात.

मालकाचे एक वाक्य वेगळे सांगायला हवे: "आमच्या कुत्र्याला लस दिली आहे, तुम्हाला इंजेक्शनची गरज नाही." यात खर्च त्याचा वाचतो आणि धोका तुमचा राहतो. जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची. कातडी फाटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडे) द्यावे लागते का, हे डॉक्टरांना विचारायचे, धनुर्वाताचेही विचारायचे. कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवले जाते, पण लस सुरू करायला ते दिवस संपायची वाट पाहायची नसते. मालकाच्या शब्दावर उपचार टाळले, तर त्याचाच वकील पुढे म्हणू शकतो की हयगय जखमीनेच केली.

विमा प्रतिनिधीचा दुसरा सापळा म्हणजे फोनवरचे ध्वनिमुद्रित निवेदन. प्रश्न साधे वाटतात. तुम्ही कुत्र्याला हात लावला होता का? तो काही खात होता का? आता बरे वाटते ना? "हो, बरे आहे" हे सवयीने दिलेले उत्तर पुढे पुरावा म्हणून वाजवले जाते. हात लावला होता, एवढ्यावरून "चिथावणी दिली" असे मांडून रक्कम कापली जाते. समोरच्या पक्षाच्या कंपनीला असे निवेदन देण्याचे बंधन सहसा नसते. "लेखी विचारा, लेखी उत्तर देतो" एवढे पुरते. वैद्यकीय कागद मिळवण्याच्या संमतीपत्रावरही तारखांची मर्यादा घालून घ्यावी. नाहीतर दहा वर्षांपूर्वीची खांदेदुखी उकरून "हात आधीपासूनच दुखत होता" असे म्हणायला वाट मोकळी होते.

आता दुसऱ्याकडे, म्हणजे दलालाकडे वळू. हा जास्त धोकादायक, कारण तो आपल्या बाजूचा वाटतो. तो टक्केवारी सांगतो, पण टक्के कशावर ते सांगत नाही. समजा १०० भाग भरपाई मिळाली, खर्च २० भाग, रुग्णालयाचे किंवा आरोग्य विम्याचे परत द्यायचे २५ भाग आणि याचा वाटा ४० टक्के. वाटा एकूण रकमेवर धरला तर ४० जातात, जखमीच्या हातात १५ उरतात. खर्च वजा करून उरलेल्या ८० वर धरला तर ३२ जातात, हातात २३ येतात. करारातल्या एका ओळीने एवढा फरक पडतो. "जिंकलो नाही तर फी नाही" याचा अर्थ "खर्चही नाही" असा होत नाही. हरल्यावर तपासणी अहवाल, तज्ज्ञांचे मत, कोर्ट शुल्क यांचे बिल येऊ शकते. इंग्लंडमध्ये अशा यशस्वी-दाव्याच्या फीला वेदनेची आणि आजवरच्या नुकसानीची भरपाई धरून २५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत एक तृतीयांश हा नेहमीचा आकडा. भारतात मात्र निकालावर अवलंबून फी ठरवणे किंवा भरपाईत वाटा घेणे वकिलाला मनाईच आहे. म्हणजे इथे टक्केवारी मागणारा एकतर वकील नाही, किंवा नियम मोडणारा वकील आहे.

दलाल कागद पुढे करतो तेव्हा शीर्षक वाचावे. वकीलपत्र सहसा एका प्रकरणापुरते असते. मुखत्यारपत्रात "तडजोड करणे, रक्कम स्वीकारणे, पावती देणे" असे अधिकार घातले, तर तो परस्पर तडजोड करून पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ शकतो आणि जखमीला नंतर "एवढेच मिळाले" असे ऐकावे लागते. कोऱ्या कागदावर सही, मूळ कागद ताब्यात देणे आणि पोच न घेता रोख रक्कम देणे, ही तिन्ही टाळायची. नोंदणी क्रमांक मागून वकील परिषदेत (बार कौन्सिलमध्ये) पडताळावा. खरा वकील यावर चिडत नाही.

आणखी एक शस्त्र म्हणजे वर्तमानपत्राचे कात्रण. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये चाव्याच्या प्रत्येक दाताच्या खुणेमागे किमान १०,००० रुपये आणि मांस निघाले असल्यास प्रत्येक ०.२ सेंटिमीटरमागे किमान २०,००० रुपये असे प्रमाण सांगितले. तो आदेश पंजाब, हरियाणा आणि चंदीगड इथल्या सरकारी जबाबदारीबद्दल, रस्त्यावरच्या जनावरांच्या संदर्भात होता. तेच कात्रण भलत्याच राज्यात दाखवून, पाळीव कुत्र्याच्या चाव्यासाठी "दर ठरलेला आहे" असे सांगणे ही शुद्ध थाप. कायदा जागेगणिक बदलतो. कॅलिफोर्नियात सार्वजनिक जागेत किंवा कायदेशीरपणे गेलेल्या खासगी जागेत कुत्रा चावला, तर तो पूर्वी कधी चावला नसला तरी मालक जबाबदार. टेक्सासमध्ये मालकाला कुत्र्याच्या आक्रमक स्वभावाची कल्पना होती, किंवा त्याने हलगर्जी केली, हे दाखवावे लागते.

मुदतही तशीच वेगवेगळी. कॅलिफोर्नियात दाव्याला दोन वर्षे, पण सरकारी संस्थेकडे मागणी नोंदवायला सहाच महिने. इंग्लंडमध्ये तीन वर्षे, आणि मुलांसाठी ती अठराव्या वाढदिवसापासून मोजतात. "बोलणी चालू आहेत, थांबा" म्हणत मुदत उलटू देणे ही विमा कंपनीचीही जुनी चाल आहे. बोलणी चालू असली म्हणून मुदत थांबत नाही.

हाती काय ठेवायचे, तर पहिल्या दिवसाची वैद्यकीय नोंद (त्यात "कुत्रा चावला", कुत्र्याचे वर्णन आणि मालक हे लिहून घ्या), लसीचे कार्ड, मोजपट्टी शेजारी ठेवून दर दोन-तीन दिवसांनी काढलेली छायाचित्रे, आणि न धुता कागदी पिशवीत ठेवलेले फाटके कपडे. सीसीटीव्हीचे चित्रण जुने पुसत पुढे जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी पहिल्याच दिवसांत जायला हवी. त्याच कुत्र्याविरुद्ध आधी तक्रार झाली होती का, हे स्थानिक प्रशासनाकडे विचारावे. मालकाला कल्पना होती हे सिद्ध करायला याहून चांगला कागद क्वचितच मिळतो. मालक बिले भरायला तयार असेल तर ते पैसे जरूर घ्यावेत, पावतीवर "उपचारखर्चापोटी, उर्वरित हक्क राखून" असे लिहून. भारतात महिला आणि मुलांना उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दलाल हे कधीच सांगत नाही.

सही होऊन गेली असेल तरी कागद एकदा वकिलाला दाखवावाच. मूल जखमी असताना पालकाने परस्पर केलेली तडजोड अनेक ठिकाणी न्यायालयाच्या मंजुरीशिवाय बंधनकारक ठरत नाही. खोटे सांगून, दबावाखाली किंवा न कळणाऱ्या भाषेत सही घेतली असेल तर ती रद्द करून मागता येते, फक्त ते सिद्ध करावे लागते. त्यासाठी प्रतिनिधीचे संदेश, फोनच्या वेळा आणि त्या दिवशी कोणती औषधे चालू होती याची नोंद उपयोगी पडते. रक्कम अजून खर्च केली नसेल तर वकिलाला विचारेपर्यंत तिला हात लावू नये, आणि धनादेश वटवला नसेल तर तसाच ठेवावा.