अंबडला ऑक्टाव्हिया आरएसचं बूस्ट सेट करून घेतलं, गॅरेजचा रिव्ह्यू

नाशकात जुनी टर्बो पेट्रोल गाडी सांभाळणाऱ्यांसाठी लिहितोय. माझ्याकडे पहिली ऑक्टाव्हिया आरएस आहे, 1.8 टर्बो, 150 पीएसवाली, सेकंडहँड घेतलेली. आधी कुणीतरी तिला मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर लावलेला, म्हणजे टर्बो इंजिनात हवा किती दाबाने ढकलतो (बूस्ट) ते हाताने वाढवायचा, तो बॉल आणि स्प्रिंगवाला पितळी नॉब. तिसऱ्या गिअरला दाबली की एकदम पळायची, मग धाडकन पिकअप गायब, चेक इंजिन लाइट, कोड पी0234 म्हणजे ओव्हरबूस्ट, आणि बंद करून चालू केल्याशिवाय परत दम धरायची नाही.

गॅरेज अंबड एमआयडीसीत, गरवारे पॉइंटकडून आत. शेड छोटीच आहे, पण काम बघण्यासारखं. म्हणलं बूस्ट जरा वाढवून सेट करून द्या, तर दादा म्हणाले, "भाऊ, आधी गळती बघू, नॉबला नंतर हात लावू." इनटेकमध्ये, म्हणजे हवा आत जाण्याच्या मार्गात, धूर सोडला, इंटरकूलरच्या (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) एका होजच्या क्लॅम्पजवळून बारीक धूर यायला लागला, मला टॉर्च धरून दाखवला. मग डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढला की टर्बोची दाबलेली हवा परत इनटेकमध्ये सोडणारा) काढून हातपंपाने व्हॅक्यूम दिला तर काटा थांबेचना, आतला डायफ्रॅम फाटलेला. म्हणजे टर्बो हवा दाबतोय आणि ती अर्धवट मागे इनटेकमध्येच पळतेय, आणि ते झाकायला नॉब आवळला की टर्बो उगाच जास्त आरपीएमला फिरत बसतो, गरम होतो, आयुष्य कमी होतं. हे इतकं नीट समजावून सांगणारा माणूस मला तरी इथे आधी भेटला नव्हता.

कंट्रोलर त्यांनी काढूनच टाकला. कारण या गाडीचं थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) केबलवर नाही, ईसीयूच्या म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या हातात आहे, त्याने जेवढं बूस्ट मागितलंय त्याच्या वर गेलं की तो थ्रॉटल बंद करतो, नॉब कितीही फिरवा. वेस्टगेटची (टर्बोला जाणारा जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडणाऱ्या झडपेची) नळी परत एन75 व्हॉल्व्हवर, म्हणजे ईसीयू जिच्यातून बूस्ट सांभाळतो त्या झडपेवर जोडली, वेस्टगेट उघडणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरला हवा देऊन रॉड किती दाबाला हलतो ते बघितलं, रॉडचा नट थोडाच फिरवला आणि लॉक केला.

खरी मजा ट्रायलला. विल्होळीच्या पुढे रस्ता मोकळा बघून तिसऱ्या गिअरला 2000 पासून 4500 आरपीएमपर्यंत, दादा बाजूला लॅपटॉप घेऊन. लॅपटॉपवर ईसीयूचे आकडे ब्लॉकमध्ये दिसतात; ब्लॉक 115 मध्ये मागितलेलं बूस्ट आणि मिळालेलं बूस्ट शेजारी शेजारी दिसतं, मागितलं 1600 मिलीबार आणि मिळालं 1590 ते 1620 मध्ये, आधी हेच कुठल्या कुठे उडायचं. ब्लॉक 020 मध्ये प्रत्येक सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग किती मागे खेचलं जातंय ते दिसतं, भर उन्हात दोन-तीन अंशांच्या आत, म्हणजे नॉकिंगची (पेट्रोल अवेळी पेटून इंजिन ठोकण्याची) चिंता नाही. गेजवर मात्र 0.65 बारच दिसतं, तेही त्यांनी न विचारता सांगितलं: लॅपटॉपवरचा आकडा बाहेरची हवा धरून असतो, आणि नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर वर असल्याने इथे ती 950 मिलीबारच्या आसपास, मुंबईत 1010 च्या जवळपास. म्हणून मुंबईवाल्या मित्राच्या लॉगशी आपला आकडा सरळ तुलना करायला जाऊ नका, आधी बाहेरची हवा वजा करा.

आता गाडी कसारा घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरला सलग ओढते, मध्ये झटका नाही, कोड परत आलेला नाही. कंपनी सेटिंगपेक्षा फार जास्त ताकद आलीये असं अजिबात नाही, पण आहे ती पूर्ण आणि दर वेळी मिळते, आणि मला हेच जास्त मोलाचं वाटतं. जास्त बूस्ट हवं असेल तर ते रीमॅप करून, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून, 95 ऑक्टेन पेट्रोलवर, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं, लगेच विकायला काढलं नाही.

कमी म्हणाल तर वेळ. सांगतात त्यापेक्षा बराच जास्त लागतो, डायव्हर्टर व्हॉल्व्ह बाहेरून मागवावा लागला तेव्हा फोनही आपणच करत बसायचं, बसायला धड जागा नाही. लॉगच्या फाइल मागितल्या की पेनड्राइव्हवर देतात, त्या नक्की घ्या.