आणलं लेकासाठी, नेम धरतेय मी: नर्फ डिसरप्टर, सात महिन्यांनंतर

बंदुकीला आमच्या घरात मज्जाव होता आणि तो घालणारी मीच. जत्रेतून आणलेलं टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा मी परत करायला लावलं होतं. पण २०२५ च्या दिवाळीत कार्बाइड गनमुळे, म्हणजे पाइपात कार्बाइड घालून उडवायच्या घरगुती बंदुकीमुळे, आपल्या मध्य प्रदेशात कितीतरी मुलांचे डोळे गेले-भाजले, आणि त्याच आठवड्यात आमचे नऊ वर्षांचे चिरंजीव जेवताना म्हणाले, "आई, त्याला पाइप आणि कार्बाइड एवढंच तर लागतं." घास घशातच अडकला. दुसऱ्या दिवशी नर्फ एलिट डिसरप्टर हे फोमच्या गोळ्या मारणारं खेळण्यातलं पिस्तूल मागवलं. उतारा म्हणून.

यंत्र साधं आहे. बॅटरी नाही. वरची स्लाइड मागे ओढली की स्प्रिंग दबते, चाप ओढला की दट्ट्या पुढे धावतो आणि कोंडलेली हवा फोमची गोळी ढकलते. सायकलच्या पंपाचा चुलतभाऊच म्हणा ना. पुढच्या ड्रममध्ये सहा गोळ्या, प्रत्येक साधारण सात सेंटीमीटर. चाप दाबून धरायचा आणि नुसती स्लाइड मागेपुढे करायची, की सहाही धडाधड सुटतात. याला स्लॅम फायर म्हणतात. माझं मन फिरलं ते इथे.

एका दुपारी घरात कोणी नव्हतं. चहाचे सहा कागदी पेले टेबलावर मांडले, म्हटलं बघू तरी. पहिल्या फेरीत एकही पडला नाही. दुसरीत दोन. तिसरीच्या वेळी दूध उतू गेल्याचा वास आला तेव्हा भानावर आले. तेव्हापासून लेक शाळेतून यायच्या आधी माझ्या चार फेऱ्या ठरलेल्या.

खोक्यावर ९० फूट लिहिलंय. तेवढी जागा आहे कुणाकडे? आमचा पॅसेज २२ फुटांचा, त्यात नेम छान बसतो. गच्चीवर वारा असला की गोळी भरकटते आणि शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या साडीत जाऊन बसते. त्या बिचाऱ्या सगळ्या जमवून संध्याकाळी पिशवीतून आणून देतात.

गोळ्या हरवतात, हे धरूनच चाला. सिलेंडरमागे, कूलरच्या खसमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी. दोन पंख्याच्या पात्यावर जाऊन पडल्या होत्या, ते कळलं थेट मार्चमध्ये. पाहुणे आले, पहिल्यांदा पंखा लावला, आणि एक गोळी त्यांच्या पोह्यांत!

वाकलेल्या गोळ्या फेकू नका. इंदूरचा माणूस पोहे वाफेवर ठेवतो, तशाच मी चाळणीत गोळ्या ठेवल्या. दोन-तीन मिनिटांत फोम फुगून सुरकुती बरीचशी जाते. बाजारातून शंभर गोळ्यांचं एक स्वस्त पाकीट आणलं होतं, तो मात्र निव्वळ मूर्खपणा. टोप्या निघून यायच्या, एक तर ड्रममध्येच रुतून बसली, चिमट्याने काढावी लागली. सगळं पाकीट सुक्या कचऱ्यात गेलं.

आता डोळ्यांचं. फोम आहे, काय लागणार, असं मलाही वाटायचं. पण लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये अशा फोमच्या गोळीने डोळ्यात रक्त उतरलेल्या तीन रुग्णांची नोंद केली आहे. दोन मोठी माणसं आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. कार्बाइडच्या भीतीने हे आणलं आणि इथेही तेच! म्हणून आमच्याकडे चष्मा लावल्याशिवाय ड्रम भरायचा नाही, तोंडाच्या दिशेने नळी गेली की दोन दिवस जप्ती. खेळणं आठ वर्षांपुढच्यांसाठी आहे, ते पाळा. पाच वर्षांची भाची आली की मी ते कपाटात टाकते, मग ती कितीही रडो.

सासूबाईंना काळजी देवघरातल्या समईची. त्यांना सांगितलं, आई, हे नर्फवाले १९६९ मध्ये मुळी घरात खेळायचा फोमचा चेंडू घेऊनच आले होते, काही फुटू नये म्हणून. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही, पण आठवड्याभरात म्हणाल्या, "दे गं इकडे, बघू."

संधिवातामुळे त्यांना स्लाइड ओढवत नाही, ती नातू ओढून देतो. चाप त्यांचा. फ्रिजवर लावलेल्या तक्त्यात सध्या त्या माझ्यापुढे आहेत, तीन पेल्यांनी. त्या खुर्चीत बसून, कोपर टेबलावर टेकवून मारतात. मी हरकत घेतली तर म्हणाल्या, नियमात तसं लिहिलेलं दाखव.